बोंडअळीचे गाव कोणते?

उमरी हे नाव मराठवाड्याच्या इतिहासात मुख्यतः एका घटनेमुळे टिकून आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या कामी आली. या प्रसंगाच्या शौर्यकथा आपण वाचलेल्या असतात. आम्हांला त्यात एक रुक्ष प्रश्न पडतो. निजामी राज्यातल्या एवढ्याशा गावात बँक कशासाठी होती आणि ऐन जानेवारीत तीत लुटण्याजोगी रोकड का होती?

उत्तर गावाभोवतीच्या काळ्या जमिनीत आहे. मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि मुदखेड, उमरी, धर्माबाद ही गावे त्या मार्गावर आली. नांदेड परिसरातली गावराणी कपाशी तिच्या तलम रुईसाठी 'हैदराबाद गावराणी' या नावाने बाजारात ओळखली जाई. हिवाळा म्हणजे वेचणीचे आणि खरेदीचे दिवस. कापूस गाडीबैलाने बाजारात येतो, आडत्याकडे रोख लागते, जिनात रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी रेल्वेने बाहेर जातात. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाला पैसा पुरवणारे हे पीक होते. राजकीय इतिहासाच्या पानांखाली पिकाचा इतिहास असा दबलेला असतो, आणि पिकाच्याही खाली आणखी एक इतिहास असतो, तो त्या पिकावर जगणाऱ्या किडीचा. प्रस्तुत टिपणात आम्ही त्या तिसऱ्या इतिहासाचा माग काढू पाहतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी किडीच्या इतिहासात का शिरावे, हा आक्षेप आम्ही गृहीत धरतो. त्याला उत्तर असे की, या इतिहासाचा निम्मा भाग शब्दांचा आहे. कीड कुठली, कोणी आणली, तिला काय म्हणायचे, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात तशीच भाषेतही मिळतात, आणि ती दोन्ही उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही. जुळत नाहीत तेव्हा त्याची किंमत कोणीतरी मोजतो.

मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात कपाशीच्या तीन बोंडअळ्या येतात. एक ठिपक्यांची, एक हिरवी किंवा अमेरिकन, आणि एक शेंदरी. तिसरीला अलीकडे वर्तमानपत्रांनी 'गुलाबी बोंडअळी' केले आहे. शेतीच्या जुन्या पुस्तकांत मात्र ती 'शेंदरी'च आहे. 'गुलाबी' हे इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर. 'शेंदरी' म्हणताना ज्याने अळी तळहातावर घेऊन पाहिली आहे, त्याची नजर जाणवते. अळी लहान असते तेव्हा पांढुरकी असते आणि पूर्ण वाढली की अंगावर रंग चढतो. ही शेंदरी अळीच आमच्या कथेची नायिका आहे, किंवा खलनायिका.

तिची शास्त्रीय नोंद भारतातली आहे. १८४२ साली भडोच येथील सरकारी कापूस-मळ्यांच्या अधीक्षकाने कपाशीची नासाडी करणाऱ्या एका किड्याचे नमुने इंग्लंडला पाठवले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भडोचच्या मळ्यांत जी कपाशी पोखरली जात होती ती ईस्ट इंडिया कंपनीने प्रयोगादाखल लावलेली अमेरिकन कपाशी होती. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याची रुई हवी होती आणि देशी कपाशीचा धागा आखूड पडे, म्हणून अमेरिकन बियाणे आणून येथे लावण्याचे प्रयत्न चालले होते. म्हणजे कागदोपत्री पहिल्या भेटीतच चित्र असे दिसते: पाहुणी कपाशी, आणि इथल्या मातीत तिच्या बोंडात शिरणारी अळी.

या अळीच्या स्वभावात तिच्या प्रवासाचे रहस्य आहे. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि शिरल्याची खूण पुढे बुजून जाते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून विणल्या जाऊन फूल मिटलेलेच राहते. शेतकरी त्याला 'डोमकळी' म्हणतात. बोंडात शिरली तर बाहेरून काहीच कळत नाही. हिरवेगार, टपोरे बोंड उमलते तेव्हा आत पांढऱ्या कापसाऐवजी किडकी, चिकटलेली कवडी निघते. आतल्या सरकीवर अळी जगते, आणि हंगाम संपल्यावर कधी कधी दोन सरक्या एकमेकींना जोडून त्या पोकळीत महिनोन् महिने निपचित पडून राहते. अन्न नसते तेव्हाचा काळ ती अशा झोपेत काढते. झोपलेल्या अळीसह ती सरकी पोत्यात भरली, आगबोटीत चढवली, दुसऱ्या खंडात उतरवली, तरी तिची झोप मोडतेच असे नाही. ती आपल्या पंखांनी फार दूर जात नाही. तिला दूर नेणारा माणूस असतो, आणि त्याचे वाहन म्हणजे बियाणे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०६-०७च्या सुमारास, भारतातून इजिप्तला गेलेल्या सरकीबरोबर ही अळी नाईलच्या खोऱ्यात पोहोचली असे मानले जाते, आणि काही वर्षांतच तिथल्या कपाशीची ती मुख्य कीड झाली. इजिप्शियन कपाशीला जगभर मोठी प्रतिष्ठा होती, त्यामुळे तिचे बियाणे इतर देश मागवत. १९११ साली अशा बियाण्याबरोबर अळी मेक्सिकोत गेली. मेक्सिकोतून सरकी तेलासाठी टेक्ससमधल्या गिरण्यांत येई. १९१७ साली टेक्ससमधील हर्न या गावी अळी सापडली. अमेरिकन सरकारने कपाशीबंदीचे पट्टे आखले, नाकी उभी केली, सरकीवर उष्णतेची प्रक्रिया सक्तीची केली, तरी पुढील पन्नास वर्षांत ती कॅलिफोर्नियापर्यंत पसरली. तिकडच्या कागदपत्रांत ही 'परकीय आक्रमक कीड' आहे आणि तिच्या मूळ प्रदेशाच्या रकान्यात आपला मुलूख आहे.

आता दुसऱ्या अळीकडे वळू. जिला आपण 'अमेरिकन बोंडअळी' म्हणतो ती हिरवी अळी मुळात अमेरिकन नाही. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया हा तिचा जुना मुलूख. आपल्याकडे ती हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून आणि तुरीच्या शेंगांवर पूर्वापार आहे. अमेरिका खंडात तिची पक्की नोंद झाली ती थेट २०१३ साली, ब्राझीलमध्ये. मग 'अमेरिकन' हे विशेषण कुठून आले? ते अळीचे नसून पिकाचे असावे. अमेरिकन कपाशी वाढली तशी तिच्यावर ही अळी ठळकपणे दिसू लागली आणि पिकाचे कुळ किडीला चिकटले. मराठीत असे नेहमी घडते. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नोंदल्या गेलेल्या एका अमेरिकी तणाला आपण 'काँग्रेस गवत' म्हणालो. नामकरणाच्या अशा प्रसंगी भाषा वनस्पतिशास्त्र किंवा कीटकशास्त्र पाहत नाही. राग कोणावर काढायचा ते पाहते.

तेव्हा आपल्या शेतात एक विचित्र उलटापालट झालेली दिसते. जी इथली, ती 'अमेरिकन' ठरली. जी इथून अमेरिकेला जाऊन तिथे आक्रमक ठरली, तिला आपण शेंदराचा घरगुती रंग दिला. आणि जी खरोखर अमेरिकेतून आली तिचे नाव सर्वांत घरगुती निघाले. कपाशीवरच्या 'पिठ्या ढेकणा'ची ही गोष्ट. या किडीचे वर्णन १८९८ साली न्यू मेक्सिकोतील नमुन्यांवरून झाले होते. २००५-०६च्या सुमारास ती पाकिस्तानातील आणि भारतातील कपाशीवर एकाएकी प्रकटली आणि दोन-तीन हंगामांत गुजरात, पंजाब, महाराष्ट्र अशी सर्वत्र पसरली. बांधावरच्या गाजरगवतावर, म्हणजे त्याच काँग्रेस गवतावर, तिचा बिऱ्हाडाचा मुक्काम असे. एका पाहुण्याने दुसऱ्याची सोय केली. मग तिच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी शेतांत आढळू लागली आणि प्रादुर्भाव बराच ओसरला. ही माशी कोणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. पिठ्या ढेकणाला कोणी 'अमेरिकन' म्हटले नाही, आणि फारशा औषधावाचून त्याची दहशत उतरली. उलट २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्याजवळ आढळून त्याच वर्षी सोलापुरात पोहोचलेल्या मक्यावरच्या लष्करी अळीला आपण 'अमेरिकन' म्हटले ते मात्र योग्य होते. एका शब्दाचे दोन उपयोग, एक चुकीचा आणि एक बरोबर. शेतकऱ्याला मात्र दोन्ही सारखेच ऐकू येतात.

हे सारे व्युत्पत्तीचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते. ते तसे सोडून देता येत नाही, याचे कारण २०१७चा हंगाम.

त्या हंगामापर्यंत मराठवाड्याची कपाशी पूर्ण बदललेली होती. 'परभणी अमेरिकन' अशा जोडनावाचा वाण निजामाच्या काळातच आला होता. १९७० साली सुरतला पहिला व्यापारी संकरित वाण निघाला. १९८०च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या 'एनएचएच ४४' या संकरित वाणाने कोरडवाहू शेतकऱ्यांत मोठे नाव मिळवले. गावराणी कपाशी मागे पडत गेली. तिच्याबरोबर घरचे बियाणे मागे पडले, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. याच दशकात नवी कीटकनाशके आली आणि काही वर्षांतच हिरवी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. १९९७-९८ साली तेलंगणातील वरंगल भागातल्या कापूस-शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीच्या पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ते जालन्याच्या महिको कंपनीचे होते. २००६ साली दोन जनुकांचे दुसरे रूप आले. दहा वर्षांच्या आत देशातल्या कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरवी अळी खरोखर आटोक्यात आली आणि तिच्यावरची फवारणी घटली. परंतु शेंदरी अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. हिरव्या अळीला हरभरा आहे, तूर आहे, टोमॅटो आहे, म्हणजे बीटी नसलेले अन्न आहे. शेंदरीला दुसरे घर नाही. सगळी कपाशी बीटी झाल्यावर जी अळी तग धरील तीच पुढची पिढी घालील, हे गणित उघड होते. म्हणून पाकिटात साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर एकशेवीस ग्रॅम साधे बियाणे द्यावे आणि शेतकऱ्याने ते बांधालगत लावावे, असा नियम झाला. त्याला 'आश्रय-ओळी' म्हणत. कल्पना अशी की, तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळतील आणि प्रतिकार विरळ राहील. स्वतःच्या खर्चाने मशागत केलेल्या शेतात किडीसाठी मुद्दाम पीक राखायचे, आणि त्याचे कारण परक्या भाषेतल्या पत्रकावर छापायचे! बहुतेक ठिकाणी त्या ओळी लागल्या नाहीत. २०१० साली कंपनीनेच जाहीर केले की, गुजरातमधील चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. २०१५ साली गुजरातेत दुसऱ्या जनुकालाही न जुमानणारा उद्रेक झाला. २०१७ साली ती लाट महाराष्ट्रात आणि तेलंगणात आली.

त्या वर्षाची आठवण दुहेरी आहे. पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले. हिवाळ्यात बोंडे उमलली तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात कवडी निघाली. लाखो शेतकऱ्यांनी कापूस बियाणे कायद्याखालील 'जी' नमुन्यातले अर्ज भरून दिले, पंचनामे झाले. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. त्यातले १६,००० रुपये बियाणे-कंपन्यांकडून, ८,००० पीकविम्यातून आणि उरलेले आपत्ती-निधीतून यावयाचे होते. म्हणजे एकाच अळीला एकाच घोषणेत तीन ओळखी मिळाल्या: ती निसर्गाची आपत्ती होती, विम्याची जोखीम होती आणि बियाण्याचा दोषही होती. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. त्यांचे म्हणणे, बियाण्यात जनुक ठरल्याप्रमाणे आहे. अळी बदलली, त्याला आम्ही काय करणार, आणि आश्रय-ओळी तर शेतकऱ्यांनीच लावल्या नाहीत.

येथे नावांचा प्रश्न पैशाचा प्रश्न होतो. कीड 'परकीय आक्रमण' असेल तर ती सीमेवरची बाब, भरपाई सरकारची. 'नैसर्गिक' असेल तर नशिबाची बाब, भरपाई विम्याची. घरचीच असेल तर शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाची बाब, भरपाई कोणाचीच नाही. शेंदरी अळी इथलीच, म्हणून तिचा दोष हळूहळू इथल्या माणसावर सरकत गेला. त्या दोषाला एक अस्सल मराठी शब्दही मिळाला: फरदड. डिसेंबरनंतर पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उशिराची वेचणी घेणे म्हणजे फरदड. तिच्यामुळे अळीचा अन्नाविना काळ नाहीसा होतो आणि तिची साखळी अखंड राहते, हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. कृषी विद्यापीठे फरदड घेऊ नका म्हणतात ते योग्यच आहे.

पण फरदड का घेतली जाते, हेही इतिहासातच शोधावे लागेल. आपले संकरित वाण लांब मुदतीचे, झुडपासारखे पसरणारे आणि महागड्या बियाण्याचे. सहा-सात महिने शेत त्यात गुंतते. हरभऱ्याची किंवा गव्हाची वेळ तोवर टळून जाते. खर्च निघालेला नसतो आणि झाडावर बोंडे दिसत असतात. अशा वेळी पऱ्हाटी उपटून टाकणे ही शिस्त खरी, पण ती रिकाम्या खिशाला सांगितलेली शिस्त आहे. शिवाय संकरित बीटीचा एक अंगभूत दोष आहे. पाकिटातले बियाणे पहिल्या पिढीचे असल्याने त्या झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी आणि काही साध्या निघतात. सरकी खाणाऱ्या अळीला त्यामुळे थोडे थोडे विष चाखत सरावण्याची संधी मिळते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा मुद्दा स्पष्टपणे मांडला आहे. बहुतेक देशांनी बीटी कपाशी सरळ वाणांत घेतली. आपण संकरितांत घेतली, कारण संकरित बियाणे शेतकऱ्याला साठवता येत नाही आणि विकणाऱ्याचा बाजार दरवर्षी कायम राहतो. हा निर्णय उमरीच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याने घेतलेला नव्हता.

तुलनेसाठी दोन देश पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या संमतीने आणि वर्गणीने सामूहिक मोहीम झाली: बीटी कपाशी, ठरल्या तारखेला पऱ्हाटीचा नायनाट, कामगंध आणि कोट्यवधी वांझ पतंगांची विमानातून सोडणूक. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने अळीचे समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुलखातून इजिप्तमार्गे गेलेली ही पाहुणी तिथून गेली त्याच सुमारास आपल्याकडे ती पुन्हा मालकीण होऊन बसली होती. चीनच्या यांग्त्से खोऱ्यात शेतकरी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरू लागले. त्यात सुमारे एक चतुर्थांश झाडे साधी निघत, म्हणजे आश्रय आपोआप मिळे, आणि अळीचा प्रतिकार वाढण्याऐवजी ओसरला. दोन्हीकडे अळी तीच होती. फरक होता तो बियाणे कोणाच्या हाती आहे आणि गाव एकत्र निर्णय घेऊ शकते की नाही, यात.

म्हणून आम्हांला वाटते की, 'आक्रमण' हे रूपकच तपासून घ्यावे. आक्रमणाला सेनापती लागतो, हेतू लागतो. अळीला हेतू नसतो. भडोचच्या मळ्यापासून टेक्ससच्या गिरणीपर्यंत तिचा प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी हिशोबात नोंदलेल्या पोत्यावरून झाला. आणि मराठवाड्यात तिची संख्या वाढली ती तिच्यासाठी सलग, लांब मुदतीचे, एकाच जनुकसाच्याचे ताट वाढून ठेवले गेल्यामुळे. हिशोबाच्या वह्या वाचल्या की रूपकाची गरज उरत नाही. कर्त्यांची नावे दिसू लागतात.

मराठी ग्रामीण कादंबरीने दुष्काळ, सावकार आणि बाजारभाव ही संकटे समर्थपणे रंगवली. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा शेतीच्या अर्थकारणाची कोंडी मराठी वाचकासमोर ठळक झाली. कीड मात्र आपल्या गद्यात बहुधा वाक्प्रचार होऊन राहिली: समाजाला लागलेली कीड, घराण्याला लागलेली कीड. प्रत्यक्ष कीड, जिला अंडी आहेत, झोप आहे, प्रवास आहे, आणि जिच्या पाठीमागे जिनिंगचा मालक, बियाण्याचा वितरक, कृषी सहायक आणि पंचनाम्याचा कागद उभा आहे, ती अद्याप पात्र झालेली आम्हांला फारशी आढळत नाही. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवे असतात. 'जी' नमुन्यातल्या अर्जांची भाषा, कृषी विभागाच्या पत्रकांतली क्रियापदे, 'शेंदरी'चे 'गुलाबी' होणे, यांत एकेक विषय दडलेला आहे.

नांदेड-लातूर पट्ट्यात आता सोयाबीनने कपाशीची जागा फार मोठ्या प्रमाणात घेतली आहे. तरीही उमरीकडच्या काळ्या रानात जून-जुलैमध्ये कपाशी लावली जाते, कामगंध सापळ्यांत पतंग मोजले जातात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारा असे सांगितले जाते. मोजणारा शेतकरी ज्या कीटकाकडे पाहत असतो तो त्याच्या आजोबांच्या गावराणीलाही ठाऊक होता. बदलले आहे ते बोंड, बदलला आहे तो हंगाम, आणि बदलले आहेत ते बियाण्याचे मालक. या तिघांचा जाब विचारायचा तर आधी अळीला तिच्या खऱ्या गावाच्या नावाने हाक मारावी लागेल. तिचे गाव आपलेच आहे, हे मान्य करण्यात शेतकऱ्याची हार नाही. तिला जगाच्या वाटेवर लावणारे आणि परत दारात बसवणारे हात मात्र त्याचे एकट्याचे नव्हते.